तीनशे पाच पौंडांचा माणूस

खाणं हा काही पराक्रम नव्हे. पण त्या ऑगस्टात गेरिट हॉवरकाम्पला विचारलं असतंत, तर त्यानं सांगितलं असतं की जन्मात केलेलं सगळ्यात कष्टाचं काम म्हणजे सकाळी साडेसहाला दहावं अंडं घशाखाली ढकलणं. नऊ कशीबशी जातात. दहावं तोंडात नुसतं फिरत राहतं. त्याच्यावर चीज घाला, तिखट सॉस ओता, डोळे मिटा, काय वाट्टेल ते करा. आणि ते एकदाचं गेलं की पुढे ओटची लापशी, तिच्यात शेंगदाण्याच्या लोण्याचे चार डाव, आणि वर क्लबच्या आहारवाल्या बाईनं खास त्याच्यासाठी घुसळलेलं साय-केळी-तेलाचं भांडंभर पेय. ही झाली न्याहारी. असं दिवसातून सहा वेळा.

आणि एवढं करून काटा जागचा हलेना.

गेरिट होता साडेसहा फूट उंच आणि दोनशे पंच्याऐंशी पौंड वजनाचा. तुमच्याआमच्या घरात हा माणूस दारातून वाकून आला तर आपण खुर्ची मागे सरकवू. पण अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हातानं चेंडू फेकायच्या त्या धक्काबुक्कीच्या खेळात, टॅकल म्हणून दोनशे पंच्याऐंशी म्हणजे सुकलेला बोंबील. टॅकलचं काम एकच. आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो, तेव्हा त्याच्या अंगावर धावून येणाऱ्या राक्षसाला अडवून धरायचं. फार वेळ नाही, तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत पाय हलले पाहिजेत आणि बूड हललं नाही पाहिजे. गेरिटचे पाय सुंदर होते, कारण कॉलेजात तिसऱ्या वर्षापर्यंत तो पळून चेंडू झेलणारा गडी होता. बूड मात्र हलायचं.

कॉलेजमधून खेळाडू निवडायच्या वेळी त्याला कोणी निवडलं नव्हतं. या क्लबनं शिबिरापुरतं बोलावलं, बस. नव्वद जण येतात, महिनाभर घाम गाळतात, आणि शेवटच्या दिवशी पन्नासेक संघात राहतात. आणखी सोळा जणांना सरावाच्या तुकडीत ठेवतात. ती सामना खेळत नाही, पण तिला वर्षभर खाऊपिऊ घालतात, शिकवतात, घडवतात. बाकीचे घरी. गेरिटला संघात जागा मिळेल असं त्याच्या आईलाही वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता त्या सोळांत. ती एक जागा मिळाली तर पुढे सगळं होतं. नाही मिळाली तर विस्कॉन्सिनमध्ये सासऱ्याचा गोठा होता, दोनशे गाई, आणि रोजचं शेण. बायको मॅरेन म्हणायची, गोठ्यात वाईट काय आहे? वाईट काहीच नव्हतं. पण गेरिट दहाव्या वर्षापासून दुसरं काही स्वप्न बघायला शिकलाच नव्हता.

पहिल्या दिवशी ब्रीलंड कोचनी त्याला उघड्या अंगानं उभं करून बघितलं होतं. ब्रीलंड म्हणजे टॅकल वगैरे अडवणाऱ्यांच्या आघाडीच्या फळीचे कोच, तीस वर्षं हेच काम, गुडघे दोन्ही बदललेले, तोंड मात्र अस्सल. त्यांनी गेरिटला चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे सरकायला लावलं आणि म्हणाले, "पाय सोन्याचे आहेत. वजन किती?" गेरिटनं सांगितलं. "तीनशे पाच कर," म्हणाले आणि पुढच्याकडे वळले. पोराला दूध पी म्हणून सांगावं इतक्या सहज. पण गेरिटच्या डोक्यात ते दगडावर कोरल्यासारखं बसलं. तीनशे पाच नाही, तर घर.

त्याच्या खोलीत दुसरा नवखा टॅकल होता, मिसिसिपीचा लॅव्हॉन यूबँक्स. त्याची तऱ्हा बरोब्बर उलटी. आला तीनशे बावन्नचा, आणि त्याला सांगितलं होतं तीनशे तीस कर. म्हणजे एकाच खोलीत एकाला घास जात नाही आणि एकाला घास मिळत नाही. लॅव्हॉन समोर काकडीची ताटली घेऊन बसायचा आणि गेरिटच्या लोणी लावलेल्या बटाट्यांकडे बघून सुस्कारे टाकायचा. "लेका," तो म्हणायचा, "तुझी भूक आणि माझी भूक एका पातेल्यात घालून ढवळली असती, तर दोघांचंही भलं झालं असतं."

दर शुक्रवारी सकाळी, न्याहारीच्या आधी, व्यायामशाळेबाहेर वजन व्हायचं. अंगावर चड्डी आणि पायात मोजे, बाकी काही नाही. डेल नावाचा व्यायामाचा मास्तर आकडा ओरडून सांगायचा आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. ठरल्याप्रमाणे असेल तर हिरव्या शाईनं, नाहीतर लाल. पहिल्या शुक्रवारी गेरिट दोनशे सत्याऐंशी. लाल. दुसऱ्या शुक्रवारी दोनशे चौऱ्याऐंशी. मेलं वजन वाढायचं सोडून उतरलं! उतरणार नाही तर काय? उन्हात एका सरावात नऊ-नऊ पौंड घाम जायचा. खाल्लेलं अंगाला लागायच्या आत गवतावर सांडायचं. लॅव्हॉन त्याच शुक्रवारी तीनशे एक्कावन्न भरला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याची टर उडवली. त्यानं वाकून नमस्कार केला. गेरिटला हसायला आलं नाही.

सरावात ब्रीलंड त्याच्यावर नुसते बरसायचे. समोरचा गडी छातीवर आदळून त्याला ढकलत नेऊ लागला, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, कागदाचा आहेस का रे, वारा आला की उडतोस, तुला खाली दगड बांधू का? एकदा तर त्याच्या शिरस्त्राणाची जाळी धरून त्याला ओढत नेलं आणि पाऊल कुठे टाकायचं ते स्वतः वाकून, त्या बदललेल्या गुडघ्यांवर बसून दाखवलं. गेरिटला वाटायचं, आपली शंभरी भरली. एकदा पाचव्या जेवणानंतर तो संडासात सगळं ओकला, आणि गुडघ्यांवर बसून तिथेच रडला. एवढा मोठा माणूस, आणि रडला कशासाठी, तर वाया गेलेल्या अर्ध्या कोंबडीसाठी.

रविवारी सुट्टी होती. तो गाडी घेऊन जवळच्या गावात गेला आणि शिकारीच्या सामानाच्या दुकानातून शिशाच्या बारीक छऱ्यांची पिशवी घेतली. ती पंचवीस पौंडांचीच येते. दुकानदारानं विचारलं, मोसम सुरू व्हायला वेळ आहे ना अजून? गेरिट म्हणाला, बापासाठी घेतोय. बाप खरंच घरी काडतुसं भरायचा, त्यामुळे निम्मं खोटं बोलल्याचं समाधान मिळालं. मग खोलीत बसून त्यानं आतून घालायच्या घट्ट चड्डीला मांड्यांच्या आतल्या बाजूनं लांब खोळी शिवल्या, मासे धरायच्या बारीक दोरीनं. जाड बोटं, बारीक सुई, तीन ठिकाणी टोचून घेतलं. लॅव्हॉन पलंगावर पडून बघत होता.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

गेरिटनं सांगितलं. लॅव्हॉननं पडल्यापडल्या मान वर करून त्या खोळी पाहिल्या. मग म्हणाला, "उलट्या बाजूचं काही मिळतं का दुकानात? घातलं की हलकं होतं असं?" आणि हसला. पण मग उठून बसला आणि म्हणाला, "गड्या, काटा फसेल. पण तुला छातीवर घेणारा तो सात नंबरचा बैल फसणार आहे का?" गेरिट म्हणाला, तोवर खरं वजन वाढवतो ना. दोन आठवडे मिळाले की झालं. नुसता वेळ विकत घेतोय मी.

अशा वेळी माणसाला आपलं म्हणणं किती पटतं!

तिसऱ्या शुक्रवारी सात पौंड शिसं, वर गॅलनभर पाणी. दोनशे नव्याण्णव. डेलनं भुवया उंचावल्या आणि पाठीवर थाप मारली. चौथ्या शुक्रवारी चौदा पौंड शिसं आणि पुन्हा पाणी, तीनशे सहा. डेल "तीनशे सहा" असं ओरडला तेव्हा रांगेतल्या पोरांनी जल्लोष केला. फळ्यावर त्याच्या नावापुढे हिरवी शाई. गेरिट मांड्या आवळून, पावलं मोजून टाकत खोलीपर्यंत गेला आणि दार लावल्यावर भिंतीला टेकून खाली बसला. मॅरेनला फोन करून सांगितलं. ती इतकी आनंदली, की तिनं ते रविवारपर्यंत चर्चमध्ये, गोठ्यावर आणि दुकानात सांगून टाकलं. त्याच्या बापानं तर म्हणे पेट्रोलपंपावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं.

आता गंमत बघा. तीनशे सहा झाल्याबरोबर आहारवाल्या बाईनं त्याचं ते भांडंभर पेय बंद केलं. म्हणाली, आता सांभाळायचं, चरबी नको. सहा जेवणांची चार झाली. त्यानं काय सांगायचं? मला अजून हवं, मी उपाशी आहे? लॅव्हॉनच्या ताटातलं लपून उचलून खाऊन पाहिलं, पण काकडीनं कोण जाड होतं? त्याचं खरं वजन दोनशे त्र्याऐंशीवर आलं.

आणि दुसरं म्हणजे, ब्रीलंड त्याच्यावर ओरडेनासे झाले.

सात नंबरच्या बैलानं त्याला सरळ मागे नेऊन क्वार्टरबॅकच्या मांडीवर बसवलं तरी मैदानाच्या त्या टोकाहून आवाज येत नव्हता. कोच नुसते बघायचे. हातातल्या कागदावर काहीतरी टिपायचे. एकदा गेरिटनं पडल्यापडल्या त्यांच्याकडे पाहिलं, तर ते मान वळवून दुसऱ्या कोणाला तरी पाऊल शिकवत होते. गेरिटला आधी हायसं वाटलं. वाटलं, चला, हिरव्या शाईनं काम केलं. लॅव्हॉनचं मात्र रोज सालपट निघत होतं. त्याच्या आजीपर्यंत शिव्या पोचत होत्या.

"तुझे हाल दिसतात," गेरिट त्याला एकदा म्हणाला, "वाईट वाटतं. पण मला तरी आता सोडलंय त्यांनी."

लॅव्हॉननं काकडी खाली ठेवली. "माझी आजी म्हणते, ज्याला घरात ठेवायचं असतं त्याच्यावरच माणूस ओरडतं." मग त्यानं पुन्हा काकडी उचलली. गेरिटचं हायसं वाटणं तिथेच संपलं.

शेवटच्या सराव-सामन्यात त्याला दुसऱ्या अर्ध्यात उतरवलं. पहिले चार डाव त्यानं पायांवर निभावले. पाचव्याला समोरच्याला कळलं, की या माणसाला चुकवून जायची गरजच नाही, याच्यातूनच जाता येतं. पुढचा अर्धा तास तो याच्यातूनच गेला. क्वार्टरबॅक तीनदा जमिनीवर आला. तिसऱ्यांदा उठून त्यानं गेरिटकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगावरचं गवत झटकलं आणि गेला.

मंगळवारी सकाळी, आठच्या सुमारास, खोलीचं दार वाजलं. क्लबचा एक पोरगेला कारकून दारात उभा होता. अशा दिवशी हे काम करणारे लोक कुणाच्याही डोळ्यात बघत नाहीत. "हॉवरकाम्प," तो म्हणाला, "कोचनी बोलावलंय. डावांची टॅब्लेट बरोबर घ्या." क्लबनं दिलेली, सगळे डाव असलेली टॅब्लेट परत मागितली म्हणजे काय, ते शिबिरात सगळ्यांना कळतं. लॅव्हॉन पलंगावर ताठ बसला होता, आपलं नाव येतं की काय म्हणून. त्याचं आलं नाही.

ब्रीलंडांची खोली तळमजल्यावर होती. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि टॅब्लेट बाजूला ठेवली. बराच वेळ ते गुडघा चोळत राहिले.

"तुला सोडतोय आम्ही," ते म्हणाले. "आणि मला वाईट वाटतंय. दरवर्षी वीस जणांना हे सांगतो, सगळ्यांचं वाटत नाही."

गेरिटनं मान हलवली. त्यानं धीर करून सरावाच्या तुकडीचं विचारलं.

"तेच तर. पहिल्या आठवड्यात मी वरच्यांना सांगून आलो होतो. म्हटलं, दोनशे पंच्याऐंशीचा पोरगा आहे, पाय सोन्याचे, वर्षभर माझ्याकडे द्या, वीस पौंड चढवतो आणि टॅकल काढून दाखवतो. त्यांनी तुझं नाव लिहूनही घेतलं होतं." त्यांनी हात पसरले. "पण तू महिन्यातच चढवलंस. तीनशे सहा झालास. आणि तीनशे सहाचा तू कसा आहेस, ते मी बघितलं. हलक्या माणसाला मी खाऊ घालू शकतो रे. पूर्ण भरलेला माणूस असा ढकलला जातो, तर मी त्याचं काय करू? वाढवायला उरलंय काय त्याच्यात?"

गेरिटला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्यावर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जी जागा मिळवायला तो शिसं मांड्यांना बांधून फिरला, ती त्याला पहिल्या आठवड्यातच मिळाली होती. काही न करता. दोनशे पंच्याऐंशीचा होता म्हणून.

"कोच," तो म्हणाला. "कोच, मी तीनशे सहा नाहीये."

त्यानं सगळं सांगितलं. छरे, दोरी, पाणी, सगळं. ब्रीलंडांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. सांगून झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, चल. व्यायामशाळेबाहेर त्या वेळी कोणी नव्हतं. गेरिटनं अंगावरचं सगळं उतरवलं, मोजेसुद्धा, आणि काट्यावर उभा राहिला. दोनशे त्र्याऐंशी. ब्रीलंडांनी चष्मा लावून आकडा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"दोनशे त्र्याऐंशीवर तू पहिले चार डाव रोखून धरलेस," ते हळू म्हणाले. गेरिटच्या अंगात जीव आला. तो तसाच उघडा, काट्यावर उभ्यानं, हातापाया पडायला लागला. मला ठेवा, एक वर्ष द्या, म्हणाल ते खातो, रोज काट्यावर नागडा उभा राहतो, काहीही करा पण घरी पाठवू नका. असलं बोलणं ऐकवत नाही. त्याला स्वतःलाही ऐकवत नव्हतं, पण थांबता येत नव्हतं.

"कपडे घाल," ब्रीलंड म्हणाले.

परत खोलीत आल्यावर ते म्हणाले, ती जागा सकाळीच यूबँक्सला दिली. तीनशे एकोणपन्नासचा आहे, महिन्यात तीन पौंड उतरवले गाढवानं, पण तो तीनशे एकोणपन्नासचा आहे हे मला माहीत आहे.

"आणि जागा असती तरी?" गेरिटनं विचारलं.

ब्रीलंडांनी त्याच्याकडे पाहिलं. "आपला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा तुझ्याकडे बघत असतो का?"

"नाही."

"पाठ असते त्याची. तुझ्याकडे बघायची गरज पडू नये म्हणून तर तू तिथे असतोस." त्यांनी टॅब्लेट खणात ठेवली. "मीही तुझ्याकडे बघत नव्हतो पोरा. काट्याकडे बघत होतो. ती चूक माझी. पण आता मला कायम मागे वळून बघावं लागेल."

गेरिटनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ब्रीलंडांनी नाव बघितलं. दुसऱ्या एका क्लबचे फळीचे कोच होते, त्यांचे जुने दोस्त. या दिवशी सगळे एकमेकांना फोन करतात, तू कोणाला सोडलंस, त्याच्यात काही दम आहे का, म्हणून. ब्रीलंड दोन मिनिटं इकडचंतिकडचं बोलले. मग थांबले आणि फोनवर तळहात ठेवला.

"तुझंच विचारतोय," ते म्हणाले. "त्यानं सामना बघितलाय. आम्ही दोघं एकमेकांशी खोटं बोलत नाही, तीस वर्षं झाली. तीनशे सहा सांगितलं, तर तुझ्यात दम नाही एवढंच त्याला कळेल, आणि तो विषय संपेल. तुझी लाज राहील. दोनशे त्र्याऐंशी सांगितलं, तर ते कसं, तेही सांगावं लागेल, आणि उद्यापर्यंत सगळ्या क्लबांना माहीत होईल. एकदाच तुझ्यासाठी खोटं बोलीन मी. काय सांगू?"

गेरिटच्या डोळ्यांसमोर पेट्रोलपंपावर उभा असलेला बाप आला. चर्चमध्ये बायकांना सांगणारी मॅरेन आली. तीनशे सहाचा माणूस म्हणून घरी गेलं, तर गावात कोणी एक शब्द बोलणार नव्हतं. नशीब नव्हतं, म्हणाले असते. पण तो माणूस मग पुन्हा कधी खेळणार नव्हता. दोनशे त्र्याऐंशीचा खोटारडा मात्र कदाचित खेळला असता.

"खरं सांगा," तो म्हणाला. "सगळं सांगा."

ब्रीलंडांनी हात काढला आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही वाढवलं नाही. पाय सोन्याचे आहेत हेही सांगितलं, दोनदा. मग ते ऐकत राहिले. पलीकडचा माणूस काहीतरी विचारत होता, कारण ब्रीलंडांनी एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. शेवटी "बरं, घरी सगळ्यांना विचारल्याचं सांग," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" गेरिटनं विचारलं.

"त्यानं विचारलं, पोरगा एवढा चांगला आहे, तर तू का ठेवत नाहीस?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

ब्रीलंड खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर मैदानावर राहिलेल्या पोरांचा सराव सुरू झाला होता.

"तू इथेच उभा होतास की," ते म्हणाले. "काही बोललो का मी?"